जर्मनीला कंपनीतर्फे जावं, की स्वतःच्या ब्लू कार्डावर?

पत्र : मी ३१ वर्षांचा, पुण्यात गाड्यांसाठीचं एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहितो. आत्ताच्या कंपनीत ४ वर्षं ७ महिने झाले. कंपनी मला तिच्याच श्टुटगार्टच्या शाखेत ३ वर्षांसाठी डेप्युटेशनवर पाठवायला तयार आहे. ६०,००० रुपये बेसिक इथे चालू राहील आणि बाकीची रक्कम तिथे युरोत भत्ता म्हणून मिळेल. त्याच शहरातली एक जर्मन कंपनी मला थेट नोकरी देते आहे, वर्षाला ६०,००० युरो, ब्लू कार्डावर. पत्नी इथे नोकरी करते, तिला पाचवा महिना आहे. आई आमच्याजवळच असते. ३-४ वर्षांनी परतायचा विचार आहे. मित्र म्हणतात, थेट नोकरीत निम्मा पगार कापला जातो, भत्ता मात्र पूर्ण हातात पडतो. डेप्युटेशन घेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही दोन पगारांची तुलना करताय, पण इथे तुलना दोन देशांच्या सामाजिक विम्याची आहे. डेप्युटेशनवर गेलात तर शरीराने श्टुटगार्टात असाल, पण पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी, नोकरीची सुरक्षितता हे सगळं भारतातच राहील. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-काम करण्याच्या परवान्यावर, गेलात तर पहिल्या दिवसापासून तुम्ही जर्मन व्यवस्थेत असाल आणि तिथल्या कर्मचाऱ्याला जे मिळतं, त्यातलं जवळजवळ सगळं तुम्हालाही मिळेल. बाळ येऊ घातलेलं असताना हा फरक फार मोठा होतो.

आधी त्या 'निम्म्या पगारा'चा हिशेब करू. वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० युरो. २०२६ च्या दरांनी तुमच्या वाट्याची कपात अशी : पेन्शन विमा ९.३ टक्के, म्हणजे ४६५ युरो. बेरोजगारी विमा १.३ टक्के, ६५ युरो. आरोग्य विम्याचा मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक विमा निधीचा स्वतःचा जादा दर, जो सरासरी २.९ टक्के धरला आहे. या एकूण १७.५ टक्क्यांतला निम्मा तुमचा, ४३७.५० युरो. शुश्रूषा विमा, म्हणजे म्हातारपणी किंवा दीर्घ आजारात लागणाऱ्या देखभालीचा विमा, १.८ टक्के, ९० युरो. बेरीज १,०५७.५० युरो, म्हणजे पगाराच्या २१ टक्क्यांच्या थोडी वर. आयकर याच्यावर वेगळा. पण या १,०५७.५० इतकीच रक्कम कंपनीही स्वतःच्या खिशातून भरते, आणि ती तुमच्या पगारपत्रकावर ठळकपणे दिसत नाही. एक बारीक गोष्ट : मूल नसलेल्यांना शुश्रूषा विम्यात ०.६ टक्के जास्त कापतात. बाळाचा जन्मदाखला कंपनीला दिलात की ही कपात थांबते. दाखला कुणी आपणहून मागत नाही, तो आपण द्यायचा.

आणि 'भत्ता पूर्ण हातात पडतो' हे ३ वर्षांच्या मुक्कामात खरं नाही. वर्षातल्या १८३ दिवसांच्या वर तिथे राहून काम केलंत की त्या कामाच्या पगारावर जर्मनीत आयकर लागतो, भारतात जमा होणाऱ्या बेसिकवरसुद्धा. अनेक कंपन्या 'निव्वळ रकमेची हमी' देतात, म्हणजे कर त्या भरतात. तशी हमी लेखी आहे का, आणि दोन्ही देशांची विवरणपत्रं भरून देणारा सल्लागार कंपनी देणार आहे का, हे एचआरला विचारा. तोंडी 'ते आम्ही बघून घेऊ' याला काही किंमत नाही. आणखी एक मेख भत्त्यातच असते. घरभाडं, प्रवास यांसाठी दिलेला पैसा खर्चाची भरपाई धरला जातो, पगार नाही. आयसीटी कार्डावर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यावर, तुमचा पगार तिथल्या तशाच कामाच्या पगारापेक्षा कमी असून चालत नाही. म्हणून पत्रात कुठला भत्ता कशासाठी आहे, हे वेगवेगळं लिहून घ्या.

आता पेन्शन. डेप्युटेशनवर जाणाऱ्याच्या नावाने कंपनी ईपीएफओकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' काढते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि त्यात ४८ महिन्यांपर्यंत, वाढवून घेतल्यास ६० महिन्यांपर्यंत, जर्मन पेन्शन विम्यातून सूट मिळते. त्याची अट ही की भारतातला पीएफ चालू राहिला पाहिजे. तुमच्या बेसिकवर १२ टक्के म्हणजे ७,२०० रुपये तुमचे आणि तेवढेच कंपनीचे, मिळून महिन्याला १४,४०० रुपये. थेट नोकरीत पेन्शन खात्यात दोघांचे मिळून ९३० युरो जातात. युरो १०० रुपयांचा धरला तरी ते ९३,००० रुपये होतात. अर्थात हा पैसा पीएफसारखा तुमच्या नावावर साठत नाही, त्याचं पेन्शनमध्ये रूपांतर होतं. ६०,००० पगाराच्या एका वर्षाला साधारण १.१५ पेन्शन-गुण मिळतात, आणि जुलै २०२५ पासून एका गुणाचं मोल महिना ४०.७९ युरो आहे. म्हणजे वर्षभराच्या कामाचे ६७ व्या वर्षापासून दरमहा सुमारे ४७ युरो, ३ वर्षांचे सुमारे १४०, तेही आजच्या दराने. दर बहुतेक दर वर्षी वाढतो आणि पेन्शन भारतात राहूनही घेता येतं.

'पण मी ३ वर्षांतच परतलो तर? जर्मन पेन्शनला ५ वर्षं लागतात ना?' लागतात. पण याच करारामुळे पात्रता मोजताना भारतातली ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेची, वर्षं जर्मन वर्षांत मिळवता येतात. तुमची इथली ५ वर्षं ईपीएसमध्ये धरलेली असतील, तर ती आणि तिथली ३ मिळून अट सहज पूर्ण होते. पैसे मात्र ज्या देशात जेवढे भरले तेवढ्याच प्रमाणात, ज्या-त्या देशाकडून मिळतात. इथे बहुतेक लोक एक चूक करतात. नोकरी सोडली की पीएफसोबत ईपीएसचे पैसेही काढून घेतात. ते काढले की ती सेवाच पुसली जाते आणि मिळवायला काही उरत नाही. त्याऐवजी फॉर्म १०सी भरून 'स्कीम सर्टिफिकेट' घ्या आणि जपून ठेवा.

परतल्यावर वर्गणी परत मागायचाही एक मार्ग आहे. ६० महिन्यांच्या आत परतणाऱ्या, युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला देश सोडून २४ महिने झाल्यावर अर्ज करता येतो. पण मिळते ती फक्त तुमच्या वाट्याची रक्कम, व्याजाशिवाय. ३ वर्षांचे १६,७४० युरो हातात येतील, कंपनीने भरलेले तेवढेच तिथेच राहतील, आणि पेन्शनचा हक्क कायमचा संपेल. तिशी-पस्तिशीतल्या माणसाने तो पैसा नीट गुंतवला तर तो पेन्शनपेक्षा वरचढ ठरूही शकतो, म्हणून मी 'कधीच काढू नका' असं म्हणणार नाही. पण निर्णयाला मुळातच २ वर्षांचा अवकाश आहे, तेव्हा परतीच्या धावपळीत तो घेऊ नका.

आरोग्य विम्याकडे आता मी तुमच्या पत्नीच्या बाजूने बघते. २०२६ मध्ये वार्षिक ७७,४०० युरोच्या आत पगार असलेल्या नोकरदाराला सरकारी आरोग्य विमा सक्तीचा आहे. तुम्ही त्या रेषेखाली आहात, त्यामुळे खासगी की सरकारी हा प्रश्नच उरत नाही. एखादा एजंट स्वस्त खासगी विम्याचा तक्ता घेऊन आला तर त्याच्याजवळ वेळ घालवू नका. सरकारी विम्यात नोकरी न करणारी पत्नी आणि मूल एक पैसा जास्त न भरता तुमच्या नावावर येतात. आधीचे आजार विचारत नाहीत, थांबायचा काळ नाही. गरोदरपण, बाळंतपण, बाळाच्या ठरावीक तपासण्या, सगळं पहिल्या दिवसापासून विम्यात असतं. खासगी विम्यात प्रत्येक माणसाचा वेगळा हप्ता, आरोग्याची प्रश्नावली, आणि बाळंतपणासाठी सहसा ८ महिन्यांची थांबा-मुदत असते.

डेप्युटेशनवर तुम्ही जर्मन सरकारी विम्यात येत नाही, कंपनीची परदेश-गटपॉलिसी तुम्हाला सांभाळते. ती पॉलिसी पूर्ण मागवा, दोन पानांची माहितीपुस्तिका नको. त्यात तीन गोष्टी शोधा : बाळंतपण आणि नवजात बाळ समाविष्ट आहे का, निघण्याआधी सुरू झालेलं गरोदरपण 'आधीचा आजार' म्हणून वगळलंय का, आणि बिल आधी आपण भरून नंतर मागायचं आहे का. प्रवासी विम्याच्या जातीची पॉलिसी असेल तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा तुमच्या विरुद्ध निघतात.

थेट नोकरीतही एक छोटी फट राहते. सरकारी विमा कामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. विमानातून उतरल्यापासून त्या दिवसापर्यंतचा काळ उघडा असतो आणि त्यासाठी व्हिसाबरोबर वेगळा विमा घ्यावाच लागतो. आधी जाऊन घर शोधायचा विचार असेल तर तो विमा तेवढे दिवस पुरेल असा घ्या.

पत्नीच्या नोकरीबद्दल तुम्ही एका शब्दाच्या पुढे काही लिहिलं नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्याबरोबर जायचं म्हणून त्यांनी आत्ता राजीनामा देऊ नये. भारतातल्या मातृत्व रजेच्या नियमांप्रमाणे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी. अट एवढीच की अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. आत्ता नोकरी सोडली तर सहा महिन्यांचा पूर्ण पगार सोडल्यासारखं होईल, आणि तो भरून काढेल असं जर्मनीतलं काही त्यांना मिळणार नाही.

तिथला पालक भत्ता, एल्टर्नगेल्ड, खरं तर उदार आहे. निव्वळ उत्पन्नाच्या ६५ ते ६७ टक्के, दरमहा ३०० ते १,८०० युरोंच्या मर्यादेत. पण तो जन्माआधीच्या १२ महिन्यांत जर्मनीत करपात्र असलेल्या उत्पन्नावर मोजतात. भारतातला पगार त्यात शून्य धरला जातो. म्हणजे जन्माआधी तुमच्यापैकी कुणीही तिथे कमावलेलं नसेल, तर दोघांनाही किमान रक्कमच, ३०० युरो. मित्राच्या बायकोला १,८०० मिळाले म्हणून आपल्यालाही मिळतील, या हिशेबावर बेत आखू नका. तो किमान भत्तासुद्धा बाळ तुमच्याबरोबर जर्मनीत राहील त्या महिन्यांचाच, आणि मूळ प्रकारात बाळाच्या पहिल्या १४ महिन्यांतच घ्यावा लागतो. मातृत्व रजा संपवून त्या बाळासह पाचव्या-सहाव्या महिन्यात आल्या तर साधारण ८ महिने तो मिळू शकतो, म्हणजे २,४०० युरोच्या आसपास. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त ३ महिने देतात. बालभत्ता, किंडरगेल्ड, २०२६ मध्ये मुलामागे महिना २५९ युरो आहे आणि त्याची मागची मुदत ६ महिने. तोही मूल जर्मनीत राहत असेल तरच. बाळ पुण्यात आजीजवळ असेपर्यंत काही नाही. दोन्ही अर्जांना रहिवासी परवाना लागतो, म्हणून पत्नी आणि बाळ आल्यावर परवान्याची वेळ लगेच मागून घ्या. या कार्यालयांत तारखा महिनोन्‌महिने पुढच्या मिळतात.

ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि तिथे कुठलीही नोकरी करायची मुभा असते. तरीही ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीपर्यंत, जर्मन शिकून आल्या तर बाळाच्या डॉक्टरकडचं पहिलं वर्ष फार सोपं जाईल.

कराबद्दल एवढंच : पत्नी भारतात असेपर्यंत तुम्हाला अविवाहितांचाच पहिला कर-वर्ग लागेल आणि कपात जास्त दिसेल. त्या ज्या वर्षी तिथे राहायला येतील, त्या वर्षीचं विवरणपत्र दोघांचं एकत्र भरा. त्यांचा त्या वर्षातला भारतातला पगार दर ठरवताना विचारात घेतात, पण एकत्र विवरणपत्राने बहुतेकदा चांगली रक्कम परत येते.

नोकरी गेली तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. आयसीटी कार्ड तुमच्या कंपनीला बांधलेलं असतं. कंपनीने प्रकल्प बंद केला तर परतीचं तिकीट आणि पुण्यातलं जुनं टेबल, एवढंच. बेरोजगारी विम्यात काही भरलेलं नसतं, म्हणून काही मिळतही नाही. जर्मनीतल्या दुसऱ्या कंपनीत जायचं तर पहिल्यापासून नवा परवाना काढावा लागतो.

ब्लू कार्डावर पहिले १२ महिने नोकरी बदलताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. ते कार्यालय बदल ३० दिवस रोखून ठेवू शकतं आणि अटी पुऱ्या होत नसतील तर नाकारूही शकतं. त्यानंतर तुम्ही मोकळे. नोकरी गेली तर मागच्या ३० महिन्यांत १२ महिने वर्गणी भरलेली असल्यास ६ महिने, २४ महिने भरलेली असल्यास १२ महिने भत्ता मिळतो, मूल असलेल्याला निव्वळ पगाराच्या ६७ टक्के. पण इथे परदेशी माणसाच्या आणि जर्मन माणसाच्या हक्कात जो फरक पडतो तो नीट समजून घ्या. भत्ता ६ महिन्यांचा असला तरी ब्लू कार्डाला २ वर्षं व्हायच्या आत युरोपीय नियम बेकारीचे ३ महिनेच खात्रीने चालवून घेतो, २ वर्षांनंतर ६ महिने. म्हणजे भत्ता चालू असतानाच कार्ड धोक्यात येऊ शकतं. त्यामुळे नोटीस मिळाली की त्या आठवड्यात हे सगळं करायचं : ३ दिवसांत रोजगार कार्यालयात 'नोकरी शोधतोय' अशी नोंद, आणि नोकरी मुदतीआधी संपतेय हे कळल्यापासून २ आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लेखी कळवणं. मग बेकारीच्या पहिल्या दिवशी पुन्हा रोजगार कार्यालयात नोंद.

आणि कंपनीने 'आपण सामोपचाराने करार संपवू' म्हणून कागद पुढे केला तर त्याच दिवशी सही करू नका. तशी सही म्हणजे तुम्ही आपणहून नोकरी सोडली असं धरून १२ आठवडे भत्ता रोखला जाऊ शकतो. नोटिशीविरुद्ध कोर्टात जायला फक्त ३ आठवडे असतात. १० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत ६ महिने झाल्यावर कायद्याचं संरक्षण सुरू होतं. त्याआधीच्या परीविक्षाकाळात मात्र कंपनी २ आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकते, आणि कुटुंब पुण्याहून हलवताना हे ६ महिने लक्षात असायला हवेत.

रजा आणि आजारपण थोडक्यात. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान २० दिवस सुट्टी, कंपन्या बहुतेक २८ ते ३० देतात. आजारी पडलात तर कंपनी ६ आठवडे पूर्ण पगार देते, त्यानंतर विमा निधी एकूण पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत. नोकरीच्या पहिल्या ४ आठवड्यांत आजारी पडलात तर कंपनीवर बंधन नसतं, तेव्हाही पैसे विमा निधीकडून येतात. डेप्युटेशनवर किमान सुट्टीचा जर्मन नियम तुम्हालाही लागू होतो, पण दीर्घ आजारात काय, ते तुमच्या भारतातल्या करारात काय लिहिलंय त्यावर राहतं.

जर्मन कंपनी तुमच्यापुढे कंपनी-पेन्शनचा कागदही ठेवेल : पगारातून थोडी रक्कम, वर कंपनीची भर. तुमच्या पगारातून गेलेली रक्कम तुमचीच राहते, पण कंपनीने स्वतः घातलेली कायमची तुमची व्हायला सहसा ३ वर्षं लागतात, आणि पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात. ३-४ वर्षांत परतायचं पक्कं असेल तर पहिल्या वर्षी तरी ही सही लांबवा.

मुक्कामाच्या परवान्यातही दोन वाटा वेगळ्या पडतात. आयसीटी कार्ड जास्तीत जास्त ३ वर्षांचं असतं आणि जर्मन पेन्शनची वर्गणी नसल्यामुळे ती वर्षं कायम निवासाच्या हिशेबात उपयोगी पडत नाहीत. ब्लू कार्डावर ए१ जर्मन असेल तर २७ महिन्यांनी आणि बी१, म्हणजे मध्यम पातळीचं, असेल तर २१ महिन्यांनी कायम निवास मागता येतो. तुम्हाला परतायचं आहे हे मान्य. तरीही तिसऱ्या वर्षी मन बदललं, तर एका वाटेवर दार उघडं असेल आणि दुसऱ्या वाटेवर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल. तुमचा पगार ब्लू कार्डाच्या २०२६ च्या ५०,७०० युरोच्या मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही.

डेप्युटेशन वाईट असतं असं नाही. घर, तिकिटं, परतल्यावरची नोकरी, न तुटलेला पीएफ या खऱ्या सोयी आहेत. दीड वर्षाच्या आत नक्की परतायचं असतं, किंवा पत्नी-बाळ पुण्यातच राहणार असते, तर मी तेच सुचवलं असतं. ३ वर्षं, कुटुंबासह, आणि बाळाच्या पहिल्या वर्षात जायचं असेल तर माझं मत थेट नोकरीच्या बाजूने आहे, पण तारखा नीट जुळवून.

त्या अशा. तुमच्या नोकरीला ५ वर्षं पूर्ण व्हायला ५ महिने आहेत. ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी लागू होते : शेवटचं बेसिक गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुमच्या बाबतीत साधारण १,७३,००० रुपये. पीएफही ५ वर्षांच्या आत काढला तर करपात्र असतो. बाळंतपण साधारण ४ महिन्यांवर आहे. म्हणजे जर्मन कंपनीकडे आजपासून ६ महिन्यांनंतरची रुजू तारीख मागितलीत तर ग्रॅच्युइटी मिळते, बाळंतपणाला तुम्ही इथे असता, पत्नीची पगारी रजा शाबूत राहते, आणि व्हिसालाही वेळ मिळतो. परदेशातून माणूस आणणाऱ्या कंपन्यांना एवढं थांबणं नवीन नसतं. नाही म्हणाल्या तर मात्र ग्रॅच्युइटीसाठी ही नोकरी घालवू नका, पावणेदोन लाखांपेक्षा ती मोठी आहे.

आईंचं राहिलं. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या ब्लू कार्डधारकाला आई-वडिलांना कायमचं बोलावता येईल अशी तरतूद आहे. पण त्यांचा आरोग्य विमा आपण उभा करावा लागतो. आई तुमच्या सरकारी विम्यात येऊ शकत नाहीत, आणि त्या वयात खासगी विमा मिळणं अवघड, मिळाला तर महाग. सध्या तरी ९० दिवसांचा शेंगेन व्हिसा आणि चांगला प्रवासी विमा हाच व्यवहारी मार्ग. पत्नी आणि बाळ निघतील तेव्हा आई त्यांच्याबरोबर आल्या, तर नव्या घरात पहिले तीन महिने घरात एक जाणतं माणूस असेल.

या आठवड्यात जर्मन कंपनीला रुजू होण्याच्या तारखेबद्दल लिहा, आणि त्याच पत्रात विचारा की स्थलांतराचा खर्च कंपनी देणार असेल तर लवकर नोकरी सोडल्यास तो परत द्यावा लागेल का, किती आणि किती महिन्यांपर्यंत. इथल्या नियुक्तीपत्रातलं बाँडचं कलम आणि नोटीस कालावधीही काढून वाचा. उमंग अॅपवर पीएफचं पासबुक बघून गेल्या वर्षभराचे हप्ते जमा आहेत ना, पहिल्या नोंदणीची तारीख बरोबर आहे ना, हे तपासा. नावातली किंवा जन्मतारखेतली चूक इथे असताना आठवड्यांत सुधारते, तिथून तेच काम महिने खातं. राजीनामा मात्र जर्मन करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन पासपोर्टावर व्हिसा लागल्यावरच द्या, आणि शेवटचा दिवस ५ वर्षं पुरी होण्याच्या तारखेनंतरचा येईल असा मोजून द्या.